मालकांचं नाव

स्मृतिभ्रंशावरच्या नव्या औषधाची चाचणी धुळ्यात चालू होती. सोनगीरच्या मंजुळाबाईंना त्यांचे पती नाना तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला घेऊन आले होते. वार, महिना, गाव. एकेक प्रश्न ओसाड रानावरून वारा जावा तसा म्हातारीवरून निघून गेला.

"आजी, मालकांचं नाव काय?" संशोधक डॉक्टर सुलक्षणाने विचारलं.

मंजुळाबाईंनी मान खाली घातली. नानांचा चेहरा उजळला.

"म्याडम, ती मन्हं नाव लेत नही. साठ वरीस झायात लगीनले, उखाणामा बी लाजस!"

"पण नाना, उत्तर आलं नाही तर मला शून्य द्यावं लागेल."

"द्या ना शून्य!" नाना हसले. "नाव लेत नही, म्हनजे मी अजून तिले याद शे."

तेवढ्यात मंजुळाबाईंनी मान वर केली. कुणा परक्याचं सांगावं तसं, न लाजता, न अडखळता म्हणाल्या,

"नवल दगा पाटील."

"अगदी बरोबर!" सुलक्षणाने कागदावर आजचा पहिला गुण लिहिला आणि आनंदाने नानांचा हात धरला. "नाना, औषध लागू पडतंय!"