जेवणाची हाक

"आजोबा, खा की. गार होतंय," शेजारचं टेबल पुसता पुसता हॉटेलातली वाढपी पोरगी थर्सिका म्हणाली.

म्हाताऱ्या चुंगने नुसती मान हलवली. बुफेतून ताटली तर त्याने गच्च भरून आणली होती. चिली चिकनला खेटून पनीर टिक्का बसला होता आणि दोघांचं बरं चाललेलं दिसत होतं. वास मात्र थेट कोलकात्याचा, तिथल्या टांगऱ्याच्या चिनी वस्तीतल्या त्याच्या स्वतःच्या भटारखान्याचा. लेकीच्या हाताला त्याचीच चव आली होती.

लेक, रोझलिन, स्वयंपाकघराच्या झुलत्या दारापलीकडे होती. दार हललं की तिचा आवाज यायचा आणि म्हातारा अर्धवट उठून पुन्हा बसायचा. टोरांटोच्या दुसऱ्या टोकाहून बस बदलत तो इथवर आला होता, पण पुढची दहा पावलं काही टाकवेनात.

गल्ल्यावर जावई बसला होता, हरकीरत. त्याने सासऱ्याला ओळखलं नाही. एक तर डोक्यावर कानटोपी, आणि दोघांची भेट ती एकदाचीच. लग्न ठरायच्या आधी हा घरी जेवायला आला आणि चुंगच्या हाक्का चिनी घरातली रीत मोडून, वडीलधाऱ्यांना ‘जेवा’ म्हणून हाक न मारताच त्याने घास तोंडात घातला. चुंग ताटावरून उठला. "ज्याला जेवणाआधी हाक मारायचं कळत नाही, तो माझा कुणी नाही," म्हणाला. रोझलिन त्याच्याबरोबर निघून गेली. तेव्हापासून चुंग एकटाच जेवायचा. त्यालाही हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. आणि आता लेकीच्या दारी येऊन बिनबोलावता कसं जेवायचं?

गिऱ्हाईक पांगलं. घरची माणसं जेवायला कोपऱ्यातल्या टेबलाशी जमली. रोझलिन हात पुसत बाहेर आली आणि म्हाताऱ्याकडे पाठ करून बसली. हरकीरतने एका रिकाम्या खुर्चीपुढे भाताचा वाडगा ठेवला आणि मोडक्यातोडक्या हाक्का बोलीत म्हणाला, "आबा, जेवायला बसा."

मग त्याने चमचा उचलला.

म्हातारा बघतच राहिला.

"रोजचंच आहे त्यांचं," थर्सिका हळूच म्हणाली. "सासऱ्यांना बोलावल्याशिवाय घास घेत नाहीत. वारले असतील बिचारे."

"अजून नाही वारला," म्हातारा म्हणाला, आणि गार ताटली उचलून त्या खुर्चीकडे निघाला.