पांढरा झगा

शनिवारी रात्रीच्या ईस्टरच्या मिस्साला दहा मिनिटं उरली होती आणि खुर्चीवर जांभळाच झगा काढून ठेवलेला होता.

"इनासकाका, उपवासकाळ संपला," फादर हळू आवाजात म्हणाले. "आज पांढरा."

तीस वर्षं चर्चचे झगे सांभाळणाऱ्या काकांनी कपाट उघडलं. पांढरा झगा नाताळनंतर ठेवला तसाच, चुरगळलेला निघाला.

"याला इस्त्री तीच करायची. दर पवित्र शनिवारी," काका म्हणाले. "आजही सकाळपासून तिची वाट बघत बसलो, फादर. मग आठवलं."

काकूंना फादरांनीच माती दिली होती. उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात, हाच जांभळा झगा घालून.

त्यांनी पांढरा झगा तसाच अंगात घातला. काकांनी त्यांच्या खांद्यावरची एक सुरकुती तळहातानं दाबून सपाट केली. हात काढल्यावर ती पुन्हा उठली.