शेक

सुपेल्याच्या चौकात भैयालाल सायकलवरून पडला आणि मनगट मोडलं. लेक भूमिका फोनवर ओरडत होती, "आई, आधी एक्स-रे काढा!" पण मैनाबाईनं नवऱ्याला थेट हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्यांच्या घरात तीच रीत होती. त्यानं बांबूच्या कामट्या लावल्या आणि पट्टी करकचून आवळली. म्हणाला, "जेवढी घट्ट, तेवढं लवकर जुळते."

त्यानंतर भैयालाल सारखा कळवळत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र कण्हणं एकदम थांबलं. बोटं सुजून निळी पडली होती, पण दुखणं नव्हतं. मैनाबाईनं देवापुढे हात जोडले आणि लेकीला फोन लावला. "तुह्या बाबाले आता काहीच दुखून नाही राहिलं. दवाखान्याचं नाव काढू नको."

मग सूज उतरावी म्हणून तिनं तव्यावर फडकं तापवलं. उचलताना तिलाच चटका बसला. तरी पदरात धरून तिनं ते त्याच्या बोटांवर दाबलं.

डोळे मिटून पडलेला भैयालाल म्हणाला, "लाव ना वं शेक, कोणाची वाट पाहून राहिली?"