नाव घेऊ नका

सॅन्टनला चौघांनी उचलून मैदानाबाहेर आणलं, तेव्हा सॅन्टनकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे बांधावर बसलेल्या प्लासिडकडे बघत होते.

सकाळी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायरीवर उभा राहून प्लासिड सगळ्यांदेखत म्हणाला होता, "जिंकू आपण. पण गोलकीपरचा खांदा टिकायचा नाही. दुसरा तयार ठेवा." आणि पहिल्याच उडीत सॅन्टन खांदा धरून कोसळला. सामना मात्र गावाने जिंकला.

बायकांच्या घोळक्यात इझाबेल उभी होती. प्लासिड तिचा नवरा.

एकोणऐंशी सालच्या नाताळानंतरची फुटबॉल स्पर्धा होती. प्लासिड सातिवलीच्या एका कारखान्यात फिटर होता. तरुणपणी सुजलेल्या घोट्याने एक सामना खेळला आणि तेव्हापासून उजवा पाय ओढत चालायचा. पण गावाचा एकही सामना त्याने चुकवला नव्हता. संध्याकाळी ओट्यावर पोरं जमायची. कोण जिंकणार, कोण हरणार, विचारायची. तो सांगायचा ते बहुधा खरं व्हायचं.

"दुखरा पाय झाकून खेळवलात ना, तर पाय जातोच," असंही तो सांगायचा. ते कुणी मनावर घेत नसे.

पुढच्या सामन्याच्या सकाळी तो म्हणाला, "शत्रुघ्नाला आज जपा. त्याचा गुडघा मध्यंतरापर्यंत पोचायचा नाही."

शत्रुघ्न पाचूबंदरचा. त्याच्याइतकं जोरात पळणारं संघात कुणी नव्हतं. मध्यंतराआधीच तो गुडघा धरून गवतात आडवा झाला. त्याच्या जागी आलेल्या पोराने गोल केला आणि गाव उपांत्य फेरीत गेलं. पण त्या दिवशी फटाके वाजले नाहीत.

दुसऱ्या दिवशी प्लासिड दुकानात गेला, तर दुकानदारीण मटिल्डाने आपल्या पोराला ओढून आत नेलं. संध्याकाळी कौलांवर दगड पडला. "काळ्या जिभेचा!" कुणीतरी बांधापलीकडून ओरडलं.

प्लासिडने फुटलेलं कौल तेवढं बदललं.

इझाबेलला आता त्याच्यासमोर जेवायला बसायची भीती वाटू लागली. एकदा तो सहज म्हणाला, "पोरीला गारठ्यात नेऊ नको, ताप येईल."

"बोलू नका!" ती किंचाळली. मुलीला उराशी धरून ती आत निघून गेली.

आता संघात नाव घेण्यासारखा एकच राहिला होता. सेंटर फॉरवर्ड फेबियन, इझाबेलचा धाकटा भाऊ. त्यांचे वडील पास्कल एके काळी अनवाणी खेळलेले. म्हातारा अजून मिशीला पीळ देऊन सांगायचा, "दुखतं म्हणणारा माझ्या घरात जन्माला यायचा नाही."

उपांत्य सामना रविवारी होता. गुरुवारी संध्याकाळी फेबियन आला. घरात न येता तो प्लासिडला घेऊन केळीच्या मागे, विहिरीकडे गेला. इझाबेलने चुलीजवळच्या खिडकीतून पाहिलं. तिच्या भावाने प्लासिडपुढे हात जोडले होते. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

फेबियन गेल्यावर ती नवऱ्याच्या आडवी आली. "काय म्हणत होता तो?"

"काही नाही."

"माझा भाऊ तुमच्यापुढे हात जोडतो, आणि काही नाही?"

"मी शब्द दिलाय. त्याने सांगितलं तर तुला कळेल."

तिने त्याचा हात धरून त्याला घरातल्या आल्तारासमोर नेलं. त्याचा तळवा क्रूसावर दाबला. "म्हणा, फेबियनचं नाव रविवारी तोंडातून काढणार नाही."

प्लासिडचा चेहरा उतरला. "इझाबेल, असं करू नको."

"का? त्यालाही पाडल्याशिवाय जीव राहत नाही तुमचा?"

"अगं, एकदा ऐकून तरी घे, मी का..."

"काही ऐकायचं नाही मला! शपथ घ्या. नाहीतर पोरीला घेऊन ही निघाले बाबांकडे. विहिरीपाशी काय चाललं होतं तेही त्यांना सांगते."

बाबांचं नाव निघताच प्लासिडने शपथ घेतली.

रविवारी मिस्सा सुटल्यावर सगळे पायरीभोवती थांबले. कुणी पुढे व्हायला तयार नव्हतं. शेवटी कप्तानाने विचारलं, "प्लासिड, आज?"

प्लासिड खाली बघत राहिला. "आज मी काही सांगणार नाही."

लोकांनी सुस्कारा सोडला. कप्तानाने फेबियनच्या पाठीवर थाप मारली, "सुटलास रे!" म्हाताऱ्या पास्कलने मुलाला मिठी मारली. फेबियन मात्र प्लासिडकडे बघतच राहिला. इझाबेलने आत जाऊन सायबिणीच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली. किती दिवसांनी तिने छाती भरून श्वास घेतला.

सामन्याला प्लासिड बांधावर बसला नाही. मैदानाकडे पाठ करून चिंचेखाली उभा राहिला.

उत्तरार्धात फेबियनला मोकळा चेंडू मिळाला. आसपास कुणी नव्हतं. त्याने वळून मारायला पाय उचलला, आणि दुसरा पाय त्याच्या अंगाखाली मुडपला. तो आवाज बायकांपर्यंत ऐकू आला.

दवाखान्यात डॉक्टरांनी पास्कलना बाजूला घेतलं. पाय वाचेल, पण खेळ विसरा, काठीशिवाय चालला तरी देवाची कृपा. म्हातारा भिंतीला हात लावत लावत बाहेर गेला.

इझाबेल खाटेपाशी बसून रडत होती. "त्यांनी तर तोंडही उघडलं नव्हतं रे. नुसतं मनात आणलं तरी खरं होतं की काय?"

फेबियनने आधी दाराकडे पाहिलं. बाबा नाहीत याची खात्री करून घेतली.

"बाय, गुडघा महिनाभर दुखत होता. बाबांना सांगायची छाती होत नव्हती. भावजींनी आधी नाव घेतलं, की मग पहिल्या धक्क्याला पडून राहिलं तरी कुणी भित्रा म्हणत नाही. सॅन्टन गेला होता त्यांच्याकडे, शत्रुघ्न गेला होता. मीही हात जोडले, म्हटलं, माझंही नाव घ्या." त्याने तिचा हात घट्ट धरला. "मग माझंच नाव का नाही घेतलं गं त्यांनी?"