तळाचा थेंब

झाकण फिरवलं आणि चैतालीला कळलं, वाइन आंबून गेली. चायनीजच्या गाडीवर येतो तसला आंबट वास नाकात घुसला.

बाहेरच्या खोलीत सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. मुक्ताबाईंना बसतं करायलाही आता दोन माणसं लागायची. आज त्या एकट्या चैतालीच्या खांद्याला धरून उठल्या. डोक्यावरून पदर घेतला होता, पाहुणीसारखा.

"घावली का गं?"

"सापडली, आई. आणते."

उन्हाळ्यात, तोंडाच्या कॅन्सरची किरणं सुरू व्हायच्या आधी, त्यांनी सुनेला हळूच सांगितलं होतं. "खंडाळ्याच्या बंगल्यावर जलमभर त्ये वाइनचे ग्लास धुतले. तळाला लाल थेंब ऱ्हायचा. वाटायचं, बोट लावून चाटावं. पर कुणाचं उष्टं कशाला?"

चैताली तोंडाला स्कार्फ बांधून लोणावळ्याच्या दुकानात गेली होती. कुठलीही द्या, स्वस्तातली. त्यांना काय कळणारे, असं तेव्हा वाटलं होतं. घरी येऊन वास घ्यायला झाकण उघडलं, तेवढ्यात नवऱ्याची गाडी अंगणात वाजली. आईला असलं काही दिलेलं कळलं असतं, तर अमृतनं घर डोक्यावर घेतलं असतं. तिनं झाकण कसंबसं लावलं आणि बाटली पत्र्याखालच्या माळ्यावर गोधड्यांमागं सारली. लेकीच्या हाताला लागायला नको. मग आज नको, उद्या. या आठवड्यात नको, त्यांचं तोंड सोललंय. उन्हाळाभर पत्रा तापत राहिला. किरणांनी जीभ नेली. परवा डॉक्टर अमृतला बाजूला घेऊन म्हणाले, आता मागतील ते द्या.

काचेच्या ग्लासात तिनं थोडी वाइन ओतली. पाणी घातलं, साखर घातली, ढवळलं.

"चमचा कशाला वाजतोय?" बाहेरून आवाज आला. "बंगल्यावर कुणी ढवळत न्हवतं."

ग्लास घेऊन ती दारात थांबली. "आई, आज राहू द्या ना. उद्या नवी आणते. चांगली."

"उद्या मला बसवशील?"

चैतालीनं ग्लास दिला.

मुक्ताबाईंनी घोट घेऊन तोंडात धरला. गाल थरथरला. डोळ्यांत पाणी तरारलं.

"झोंबतंय का?"

"न्हाई गं." घोट कसाबसा खाली गेला. "कायबी कळंना. जीभ न्हवं, लाकूड हाय. तू घे. तू सांग कशी लागती."

चैतालीनं हात पुढं केला.

"माझं उष्टं हाय, बग."

"असू दे."

घोट घशातून चरचरत उतरला. लेकीला पहिल्यांदा काही भरवताना चैताली जशी तिच्या तोंडाकडं बघायची, तशा मुक्ताबाई तिच्याकडं बघत होत्या.

"करवंदासारखी," चैताली म्हणाली.

"पिकल्याल्या?"

"व्हय, आई. काळ्याभोर."

मुक्ताबाई हसल्या. "आन् त्येच्यासाठी ही माणसं पार मुंबईवरनं येत हुती? आमच्या भाजे गावच्या डोंगरात शेळ्याबी खात्यात करवंदं."

हसता हसता खोकला आला. चैताली त्यांची पाठ चोळत राहिली. हाताला नुसती हाडं लागत होती.

"आई, ती बाटली मी माळ्यावर–"

"गप. करवंदाचं सांग."

चैतालीनं सांगितलं. एकेक घोट घेत, घसा जळत असताना सांगितलं. आधी जरा आंबट लागते, मग गोड. बोटांना चीक लागतो तशी ओठांना चिकटते. घरी येईपर्यंत तोंडात राहते. मुक्ताबाई मान डोलवत होत्या. व्हय, तशीच. तशीच.

ग्लास संपला. मुक्ताबाईंनी तो मागून घेतला आणि खिडकीच्या उजेडाला धरला. तळाला एक लाल थेंब राहिला होता. त्यांनी बोट आत घातलं. ते पोचेना. चैतालीनं ग्लास तिरका धरला.

बोट जिभेवर ठेवून मुक्ताबाईंनी डोळे मिटले, आणि चव येण्याची वाट बघत बसल्या.