हरणाऱ्याच्या कपबश्या

नातीचं नामकरण झालं त्या वर्षी मी साक्षरता वर्गात अक्षरं शिकले, आणि त्याच वर्षी डेन्मार्कचा हेन्रिक आमच्याकडे येऊ लागला. माझा मुलगा सुगत कॉलेजात बौद्ध तत्त्वज्ञान शिकवायचा, हेन्रिक त्याच्या देशात ग्रीक.

"आत्मा मरत नाही," हेन्रिक म्हणायचा.

"आत्मा नाहीच, तर मरणार काय?" सुगत हसायचा.

हरेल त्यानं कपबश्या विसळायच्या, असं ठरलं होतं. दोघंही हार मानायचे नाहीत. कपबश्या मीच विसळायचे. "हेन्रिकबाबा, माझ्या लेकाला हरवणारा अजून जन्मायचाय!" मी चिडवायचे.

सुगत गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला हेन्रिक आला. चहा झाल्यावर तो मोरीवर गेला आणि सगळ्यांच्या कपबश्या विसळू लागला.

"आई, सुगतचं बरोबर होतं. मी हरलो."

मी त्याच्या हातातली बशी ओढून घेतली. "नाही रे बाबा! आज तू हरू नकोस. आत्मा आहे म्हण. माझं लेकरू कुठंतरी आहे म्हण."

हेन्रिकला खोटं बोलता येत नाही. त्यानं दुसरी बशी उचलली.

माझा मुलगा सुगत २०१९च्या जानेवारीत, अकरा तारखेला वारला.