कासारे फोरमनचा कान

रबाळ्याच्या कारखान्यात कासारे फोरमनच्या कानाला मोठा मान. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून ते बेरिंग अजून किती दिवस चालणार ते तारखेसकट सांगत. त्यामुळे घरचा कॉम्प्युटर सारखा अडकायला लागला, तेव्हा त्यांनी तोच स्क्रू ड्रायव्हर हार्ड डिस्कला टेकवला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "डिस्क ठणठणीत. व्हायरस असणार."

तरी त्यांच्या बायकोने, राजश्रीने, कोपरखैरण्यातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या पायलला बोलावलंच. पायलने कॉम्प्युटर चालू केला आणि बॅग उघडायच्या आधीच म्हणाली, "काका, डिस्क जायला लागलीय. फोटोबिटो आधी काढून घेऊ."

"टेस्ट न करताच? आमच्याकडे असं चालत नाही हां!" कासारे हसले.

"टेस्ट कशाला? केवढी टकटक करतेय!"

"कुठे?"

काका मस्करी करतायत असं वाटून पायलही हसली. राजश्री हसली नाही.

"अहो, दोन महिने झाले. मला पार ओट्यापाशी ऐकू येतेय."

कासारेंनी कानच डिस्कला लावला. बराच वेळ तसाच ठेवला. मग उठून त्यांनी कारखान्यात फोन लावला.

"शिंदे, काल मी पास केलेला कॉम्प्रेसर आधी बंद कर. दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घे."

"का, साहेब? तुमी स्वतः ऐकलात ना?"

"म्हणूनच सांगतोय."